झाडाच्या पोटातली खूण

सॅब्राच्या डाव्या हाताची पाच बोटं म्हणजे टॅलिस घराण्याच्या जमिनीची हद्द, हे त्या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. थिओडोशिया आणि लेम्युएल ही भावंडं लहान होती, तेव्हा थंडीत शेकोटीपाशी बसून ती तिचा हात ओढून घेत आणि एकेक बोट धरून विचारत, "हे कुठलं?"

"अंगठा म्हणजे ओढ्याच्या उताराजवळचं गम जातीचं झाड," सॅब्रा सांगे. "पहिलं बोट जळका पाइन. मधलं बोट दुबेळक्याचा एल्म."

"आणि हे वाकडं?"

"ते झऱ्याकडचं झाड. आणि करंगळी म्हणजे नदीकाठचा सायप्रस."

"वाकडं का आहे ते?"

"कारण तिथे मी रडले नाही," सॅब्रा म्हणे, आणि मुलं खिदळत. त्यांना ती गंमत वाटायची.

व्हर्जिनियाच्या त्या भागात चर्चचा नियम होता. दर चार वर्षांनी शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांच्या जमिनीच्या हद्दीवरून चालत जायचं, कोपऱ्यांच्या झाडांवरचे जुने घाव शोधायचे आणि कुऱ्हाडीनं ते पुन्हा ताजे करायचे. एका झाडावर तीन घाव दिसले, की तो कोपरा. अशी फेरी तीनदा झाली, की हद्द कायमची ठरली. मग राजानं म्हटलं तरी ती हलत नाही, असं लोक सांगत.

पहिली फेरी झाली तेव्हा सॅब्रा टॅलिसांच्या घरातली आठ वर्षांची गुलाम पोर होती. वरची जमीन टॅलिसांची होती, खालची क्रॅबट्री नावाच्या शेजाऱ्याची. लहान मुलाला कोपऱ्यावर नेऊन मारलं, की ते मूल मरेपर्यंत ती जागा विसरत नाही, अशी जुनी समजूत. क्रॅबट्रीनं स्वतःच्या मुलाला आणलं होतं. त्याला प्रत्येक झाडापाशी एक टपली आणि मधाच्या केकचा एक तुकडा मिळाला. थिओडोशियाचे आजोबा सिल्व्हेनस म्हणाले, "माझा मुलगा नाजूक आहे. ही पोरगी हुशार आहे. हिला लक्षात राहील." आणि त्यांनी प्रत्येक कोपऱ्यावर तिचं एकेक बोट सालीवर टेकवून वरून छडी मारली. तीन झाडांपाशी ती रडली. चौथ्यापाशी तिनं दात आवळून धरले, म्हणून सिल्व्हेनसनी छडी उलटी धरून मुठीच्या बाजूनं मारली. ते बोट मोडलं आणि वाकडंच सांधलं गेलं.

दुसऱ्या फेरीच्या वेळी मंडळी उताराजवळच्या झाडाखाली सफरचंदाची दारू पीत बसली आणि 'पूर्वीप्रमाणेच' असं लिहून घरी गेली. पुढे क्रॅबट्रीचा मुलगा तापानं गेला, आणि सिल्व्हेनसच्या मुलानं, ॲम्ब्रोझनं, क्रॅबट्रीच्या एकुलत्या एका मुलीशी लग्न केलं. दोन्ही जमिनी एक झाल्या, मधली हद्द कुणाला लागेना, आणि तंबाखूचं रान, गोठे, माणसांच्या झोपड्या, सगळं जिथे सोयीचं तिथे उभं राहिलं. ते एकत्र रान आता पुन्हा मोडायचं होतं. साल होतं सतराशे एकोणसाठ, महिना फेब्रुवारी, आणि ॲम्ब्रोझ टॅलिस चार महिन्यांपूर्वी मातीत गेला होता.

मृत्युपत्र सॅब्रानं कानांनी ऐकलं. ती बैठकीत चहाची भांडी उचलत होती. थिओडोशिया, आता चाळिशीची विधवा, मोठ्यानं वाचत होती आणि लेम्युएल खिडकीशी उभा राहून नखं कुरतडत होता.

"'टॅलिसांची जुनी जमीन माझ्या मुलीला. क्रॅबट्रीची जमीन माझ्या मुलाला. मधली हद्द जुनी होती तीच. हद्दीच्या ज्या बाजूला जी काळी माणसं राहत असतील ती त्या बाजूच्या जमिनीसोबत, आणि त्यांची पुढची वाढही.'"

"पुढची वाढ," लेम्युएल म्हणाला. "बाबांनी गुरांच्या यादीतलं वाक्य उचललं वाटतं."

"नेहमी असंच लिहितात. आजोबांच्या मृत्युपत्रातही आहे."

"मला काय करायचंय? मी ही जमीन विकणार आणि माझ्या वाट्याची माणसं घेऊन कॅरोलायनाला जाणार. तिकडे नवी माती आहे. मार्च संपायच्या आत निघायचं."

सॅब्राच्या हातातल्या बशा एकमेकींवर किणकिणल्या. थिओडोशियानं वर पाहिलं.

"सॅब्रा, झऱ्याकडचं झाड कुठलं गं? जुन्या कागदावर झाडाचं नाव होतं नेमकं तिथेच कसरीनं खाल्लंय."

"बघून सांगावं लागेल, बाईसाहेब. धुकं विरलं की."

"बाबा मोठ्या ओकबद्दल बोलायचे," लेम्युएल म्हणाला.

"बाबा शेवटी शेवटी पुष्कळ बोलायचे," थिओडोशिया म्हणाली. "गुरुवारी फेरी आहे. ही पुढे चालेल. हिचा हात म्हणजे आपला नकाशा."

सॅब्रा भांडी घेऊन बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. तिला बघायला कशाला हवं होतं? झऱ्याच्या वरच्या अंगाला जो मोठा ओक होता, तिथेच तिचं बोट मोडलं होतं. तिथून रेघ काढली तर झरा खालच्या, म्हणजे लेम्युएलच्या, बाजूला जात होता, आणि झऱ्याला लागून असलेली झोपडीही. त्या झोपडीत तिची मुलगी जूबा राहत होती, सहा वर्षांची नात फिबी राहत होती, आणि मे महिन्यात जन्मणारं एक मूल, ज्याचं तोंड अजून कुणी पाहिलं नव्हतं, पण ज्याची वाटणी होऊन गेली होती.

रविवारी ती झोपडीकडे गेली. जूबा राखेत मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. तिचा नवरा टायटस दारात बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. तो शेजारच्या क्वार्ल्स नावाच्या मळेवाल्याचा माणूस होता. शनिवारी संध्याकाळी चार मैल चालत यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत परत पोचायचा.

"या सासूबाई," टायटस म्हणाला. "गुरुवारी तुमची मिरवणूक आहे म्हणे. पुढे तुम्ही, मागे घोडे. एवढा मान तर गव्हर्नरालासुद्धा नाही."

"तू येणार आहेस का?"

"आमचा मालक पंच आहे ना. कुऱ्हाड चालवायला मला आणतोय. हद्दीच्या झाडावर घाव घालायचा, पण माझीच बायको कुठल्या बाजूला पडते ते विचारायचं नाही."

"तोंड आवर तुझं," जूबा म्हणाली. मग आईकडे न बघता तिनं विचारलं, "आई, कुठल्या बाजूला पडते गं मी?"

जूबानं एक भाकरी उलटली. ती करपली होती.

"बारा दिवसांची वाट आहे म्हणतात," जूबा म्हणाली. "मे महिन्यात मी कुठल्या रानात असेन कुणास ठाऊक. तू नसशील. हाही नसेल."

"तुला तिकडे जावं लागणार नाही," सॅब्रा म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, की आवाज इतका घट्ट कसा निघाला.

टायटसचा हात थांबला. "सासूबाई, गेल्या वर्षी कोर्टाच्या अंगणात एका माणसाचा कान खांबाला खिळ्यानं ठोकला होता. खोटं सांगितलं म्हणून. कान तिथेच राहिला, माणूस खाली पडला."

"मी काही सांगणारच नाही. आपलं सांगणं कुठे लिहून घेतात? मी फक्त एका झाडापाशी उभी राहीन. ते नव्यानं तीन घाव घालतील आणि जेवायला घरी जातील."

जेवण झाल्यावर ती एकटीच झऱ्याच्या खालच्या अंगाला उतरली. तिला एक म्हातारं झाड हवं होतं, पन्नास वर्षांपूर्वी उभं असलेलं. तशी दहा-बारा होती. पण निवड करायला ती एकदाही थांबली नाही. पाय आपोआप एका हिकरीपाशी जाऊन थबकले. उंच, सरळ, सालीच्या लांब पट्ट्या सुटलेलं झाड. बुंध्यावर कमरेच्या उंचीला एक पुसट सुरकुती होती, म्हाताऱ्या बाईच्या मिटलेल्या ओठांसारखी.

तिच्या वाकड्या बोटातून कळ गेली.

थंडीनं असेल, असं म्हणून तिनं हात पदरासारख्या लांब शालीत गुंडाळला. पण उतार चढून परत येताना तिला एक जुनी गोष्ट आठवली, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. पहिल्या फेरीनंतरच्या रविवारी तिच्या आईनं तिला पहाटे उठवलं होतं. आईचं नाव मालकाच्या वहीत मोल होतं, पण तिचं स्वतःचं नाव अडाकू. तिच्या खांद्यावर नवं रान तोडायची कुऱ्हाड होती. "चल, दाखव मला कुठे कुठे मारलं ते," एवढंच ती म्हणाली. त्या दिवसाचं बाकी सगळं पुसून गेलं होतं. उरलं होतं ते एवढंच, की कुठल्याशा झाडापाशी आईनं तिचं ते मोडकं, सुजलेलं बोट सालीवर दाबलं आणि पिळलं. सॅब्रा किंचाळली. आईनं सोडलं नाही. अंधार पडल्यावर त्या घरी आल्या, आणि आई रात्रभर तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली होती.

का केलं, ते आईनं कधी सांगितलं नाही. तिच्या आयुष्यात आईनं तिला एकदाच दुखवलं होतं, आणि सॅब्रानं ते अठ्ठेचाळीस वर्षं माफ केलं नव्हतं.

गुरुवारी धुकं विरलंच नाही. सकाळचे नऊ वाजले तरी घोड्यांचे पाय दिसत होते आणि माना दिसत नव्हत्या. पंच दोघे होते. एक टायटसचा मालक क्वार्ल्स, लठ्ठ आणि हसतमुख. दुसरे हॉबडे, चर्चचे जुने कारभारी, जे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत आणि एकदा लिहीत. लेम्युएल घोड्यावर होता. थिओडोशियाही आली होती, काळा झगा आणि काळी टोपी घालून. सगळ्यांच्या पुढे सॅब्रा, आणि तिच्याशेजारी कुऱ्हाड घेतलेला टायटस.

"चल म्हातारे," लेम्युएल म्हणाला. "लहानपणी शिकवलेलं आठवतंय ना?"

"अंगठ्यापासून सुरू करू या, मालक," सॅब्रा म्हणाली.

गमच्या झाडापाशी अंगठा ठणकला. टायटसनं शेवाळ खरवडलं, खाली तीन जुने व्रण निघाले. हॉबडेंनी लिहून घेतलं. जळक्या पाइनपाशी पहिलं बोट, एल्मपाशी मधलं. प्रत्येक ठिकाणी खूण होती, आणि प्रत्येक ठिकाणी खूण दिसायच्या आधी बोट दुखत होतं. घोडे सोडले तर रानात कशाचाच आवाज नव्हता. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

"ही बाई कुत्र्यासारखी वास काढते की काय!" क्वार्ल्स हसून म्हणाला. "लेम्युएल, हिला विकतोस का? माझ्या हद्दीचं तीन वर्षं भांडण चाललंय."

"माझी नाही ती. बहिणीच्या वाट्याला गेली."

मोठ्या ओकपाशी आल्यावर सॅब्रा थबकली. आठ वर्षांची असताना तिनं याच झाडावर कपाळ टेकलं होतं. छडीचा आवाज तिला आजही ऐकू येत होता. तिनं हात शालीतून बाहेर काढला आणि वाट पाहिली.

बोट दुखलं नाही. काहीच झालं नाही. ते बोट मेलेल्या माणसाच्या बोटासारखं गप्प होतं.

तिनं झाडाकडे न बघता पुढे पाऊल टाकलं.

"थांब," लेम्युएल म्हणाला. "हा मोठा ओक. इथेच ना?"

"अजून खाली, मालक."

"खाली? अगं, खाली झरा आहे."

"तिला चालू दे, लेम्युएल," थिओडोशिया म्हणाली. तिच्या आवाजात थोडी घाई होती. झरा कुणाला नको होता? भर उन्हाळ्यात आटत नाही असा तो एकच झरा त्या रानात होता.

जूबाच्या झोपडीवरून सगळे गेले. दार बंद होतं. धुरामागे कुणीतरी उभं होतं, पण कोण ते दिसलं नाही. सॅब्रा उतरत राहिली. दहा पावलांवर बोट ठणकायला लागलं. पाच पावलांवर कळ कोपरापर्यंत गेली. हिकरीपाशी पोचली तेव्हा तिला हात धरून खालीच बसावं लागलं.

"इथे," ती म्हणाली. आणि लगेच तिच्या लक्षात आलं, की ती नाटक करायचं ठरवून आली होती आणि नाटक करावंच लागलं नव्हतं.

लेम्युएल घोड्यावरून उतरला. त्यानं सालीवरून हात फिरवला. "कुठाय खूण? मला तर काही दिसत नाही."

"अठ्ठेचाळीस वर्षांत साल भरून येते," हॉबडे म्हणाले. "झाड घाव पोटात घेतं. बाहेर एक सुरकुती राहते. ही बघा."

"सुरकुती माझ्या कपाळावरही आहे. म्हणून मी हद्दीचा दगड झालो का?" लेम्युएल वळला. "टायटस, फोड हे. घाव पोटात असेल तर पोटात बघू. आणि नसला तर, म्हातारे, तुझे कान मी स्वतः कोर्टात घेऊन जाईन."

सॅब्रा बुंध्याला धरून उठली. झाड फोडायची गोष्ट तिच्या मनातही आली नव्हती. टायटसनं एकदाच तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात 'पळ' असंही होतं आणि 'आता काय' असंही. मग त्यानं सुरकुतीच्या वर एक खाच घातली, खाली एक खाच घातली, आणि मधला ठोकळा काढायला लागला. हिकरीचं लाकूड कठीण. प्रत्येक घावाला कुऱ्हाड वाजत होती आणि तो आवाज धुक्यात कुठेही न जाता तिथेच घुटमळत होता.

आठव्या घावाला ठोकळा सुटला. टायटसनं तो दोन्ही हातांनी ओढून काढला, उलटा केला, आणि तसाच उभा राहिला. त्याची पाठ सगळ्यांकडे होती.

"काय आहे?" क्वार्ल्सनं विचारलं.

टायटसनं अंगठा लाकडावरून एकदा फिरवला आणि बाजूला झाला.

झाडाच्या आत, पांढऱ्या लाकडात, एकाखाली एक असे तीन काळे घाव होते. स्वच्छ, आडवे, कालच घातल्यासारखे.

हॉबडेंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. क्वार्ल्सनं चाकूचं टोक लाकडावर ठेवलं आणि घावापासून सालीपर्यंतच्या वर्षांच्या रेघा मोजायला सुरुवात केली. "...सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस." त्यानं चाकू मिटला. या वेळी तो हसला नाही.

"सतराशे अकराचा हिवाळा," हॉबडे म्हणाले. "पहिली फेरी."

"ओकही फोडा," लेम्युएल म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बाबा उगाच बोलत नव्हते. ओकमध्येही बघा."

सगळे पुन्हा वर चढले. सॅब्रा सर्वांत मागे राहिली. तिथे काय निघणार ते तिला माहीत होतं. खरी खूण तिथे होती. ती घालताना तिनं डोळ्यांनी पाहिली होती. एका झाडाची साक्ष दुसऱ्या झाडाविरुद्ध, आणि मग कुणीतरी विचारणार, की दुसरे घाव कुणी घातले.

टायटसनं पहिला घाव घातला आणि ओक ढोलासारखा वाजला. तिसऱ्या घावाला कुऱ्हाड दांड्यापर्यंत आत गेली. त्यानं ती ओढून काढली, तशी त्या भोकातून गार, कुजकट हवा बाहेर आली, कुणीतरी फार वेळ रोखून धरलेला श्वास सोडावा तशी. घोडे मागे सरले. टायटसनं भोक मोठं केलं. आत लाकूडच नव्हतं. काळी भुकटी होती, आणि अंधार.

"पोकळ आहे," क्वार्ल्स म्हणाला. "बाहेरून केवढा राजासारखा उभा होता!"

"पोकळ साक्षीदाराची साक्ष मला लिहिता येत नाही," हॉबडे म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. "झऱ्याखालची हिकरी. तिसरी फेरी. हद्द कायम."

लेम्युएल बराच वेळ त्या भोकात बघत उभा राहिला. मग करंगळीच्या सायप्रसची वाट न बघता घोड्यावर बसून निघून गेला.

फेरी संपल्यावर थिओडोशियानं सॅब्राला जवळ बोलावलं. "झरा आपल्याकडे राहिला," ती म्हणाली. "शाबास." जूबाचं नाव तिनं काढलं नाही. तिच्या लक्षातही आलं नसावं.

दुपारी झोपडीत जूबा जमिनीवर बसून हसत होती आणि रडत होती. फिबी आईचं बघून हसत होती. टायटसनं दार ओढून घेतलं आणि सॅब्रासमोर मूठ उघडली.

त्याच्या तळव्यावर निळ्या काचेचा एक मणी होता. वाटाण्याएवढा.

"तिसऱ्या घावाच्या टोकाला, लाकडात रुतून बसला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "ठोकळा काढला तेव्हा माझ्या हातात निखळला. पंचांना दिसू दिला नाही मी. गोरा माणूस हद्दीच्या खुणेत मणी कशाला ठोकेल, सासूबाई?"

सॅब्रानं तो मणी घेतला. आईच्या गळ्यात असे सात मणी होते. समुद्रापलीकडून तिच्यासोबत आलेली तेवढी एकच वस्तू. नंतर ते सहा कसे झाले, ते सॅब्रानं कधी विचारलं नव्हतं. सहा तिच्यासोबत पुरले होते.

सॅब्राच्या आधी आईला एक मुलगा होता, सायमन. वरच्या टेकडीपलीकडे गुरं राखायचा. सिल्व्हेनसनी तिथला जमिनीचा तुकडा बहिणीच्या लग्नात दिला, तेव्हा तुकड्यावर राहतो म्हणून सायमनही गेला. आईनं त्यावर आरडाओरडा केला नाही. ती एवढंच म्हणायची, "माणसं रेघेच्या मागून जातात. रेघ झाडाच्या मागून जाते." आणि कधी कधी, कुऱ्हाड धुताना, "झाड विसरत नाही. पण झाडाला सांगता येतं." सॅब्राला ते म्हातारीचं पुटपुटणं वाटायचं.

आईनं झाडाला सांगितलं होतं. आणि झाड बोलायच्या दिवशी त्याच्यापाशी कुणीतरी येऊन उभं राहावं, म्हणून आपल्या मुलीच्या बोटालाही सांगितलं होतं. दुसरा मार्ग तिच्याकडे नव्हता.

"काय गं झालं, आई?" जूबानं विचारलं.

"काही नाही," सॅब्रा म्हणाली. "माझ्या आईची आठवण आली." तिनं ते वाकडं बोट ओठांना लावलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

संध्याकाळच्या स्वयंपाकाला तिला मोठ्या घरी पोचायचं होतं. फिबी ओढ्याच्या उतारापर्यंत सोबत निघाली. तिच्या हातात काकवी लावलेली भाकरी होती आणि काकवी कोपरापर्यंत ओघळत होती. धुकं अजून झाडांच्या कमरेला होतं.

गमच्या झाडाच्या बरंच अलीकडे, जिथे कसलाही कोपरा नव्हता, तिथे सॅब्राचा अंगठा ठणकला.

ती थांबली. वाटेच्या कडेला एक बुटकं, जाड होलीचं झाड होतं. त्याच्याकडे तिनं आयुष्यात कधी नीट पाहिलं नव्हतं. काटेरी पानं बाजूला सारून तिनं बुंध्यावरून हात फिरवला. कमरेच्या उंचीला एक सुरकुती होती.

पहाटे निघून अंधारात परत आलो होतो, तिला आठवलं. एका झाडाला एवढा वेळ लागत नाही.

"आजी, काय झालं?" फिबीनं विचारलं. "हात का धरलास?"

"फिबी, हे झाड बघून ठेव."

"का? काय आहे त्याच्यावर?"

"त्याच्या आत आहे."

"मग मला दिसणार कसं?"

सॅब्रानं खाली वाकून फिबीचा डावा अंगठा धरला. छोटा, गरम अंगठा होता. क्षणभर तिच्या बोटांना कळेना, की किती दाबायचं. मग तिनं तो अंगठा भाकरीवरच्या काकवीत बुडवला आणि झाडाच्या सुरकुतीवर टेकवला.

"आता चाट," ती म्हणाली. "कसं लागतं?"

फिबीनं तोंड वेडंवाकडं केलं. "गोड. आणि कडू. झाड कडू आहे."

"हं. अंगठा म्हणजे हे झाड. म्हण बघू."

"अंगठा म्हणजे हे झाड," फिबी म्हणाली आणि पुन्हा अंगठा चाटला. "अजून आहेत?"

सॅब्रानं तिचा हात घट्ट धरला आणि दोघी पुढे चालू लागल्या. ओढ्याचं पाणी धुक्याखालून वाहत होतं, दिसत नव्हतं. वळणापर्यंत काही झालं नाही. वळणावर सॅब्राचं पहिलं बोट दुखायला लागलं.